अमेरिकेतल्या भाड्याच्या घरातला इलेक्ट्रिक स्टोव्ह: फोडणीपासून साफसफाईपर्यंत

अमेरिकेत शिकायला, नोकरीला किंवा लग्न होऊन आलेल्या आपल्या लोकांना पहिलं अपार्टमेंट मिळतं त्यात बरेचदा गॅस नसतोच, ३० इंच रुंदीची इलेक्ट्रिक रेंज असते, वर चार बर्नर आणि खाली ओव्हन. आयुष्यभर लायटर मारून ज्योत लहानमोठी करत स्वयंपाक केलेला माणूस त्याच्यापुढे उभा राहतो आणि पहिल्या आठवड्यात मोहरी करपते, दूध उतू जातं, स्मोक अलार्म बोंबलतो. यात तुमचा हात बिघडलेला नसतो. या स्टोव्हची उष्णता उशिरा येते आणि उशिरा जाते, शिवाय ज्योत नसल्यामुळे ती डोळ्यांना दिसत नाही. खाली जे काही सांगणार आहे, म्हणजे फोडणी कशी करायची, काच का तडकते, आग कशी लागते, ते सगळं या एकाच गोष्टीपाशी येतं.

आणि आगीचं मी उगाच घाबरवायला म्हणत नाहीये. तिथल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनचे अहवाल वर्षानुवर्षं हेच सांगतात की घरांतल्या आगींचं सगळ्यात मोठं कारण स्वयंपाक आहे, त्यातही स्टोव्ह चालू ठेवून तिथून निघून जाणं, आणि गॅसवाल्या घरांपेक्षा इलेक्ट्रिक रेंजवाल्या घरांत हा धोका जास्त आहे. ऐकायला उलटं वाटतं, पण ज्योत दिसली नाही की आपण बेफिकीर होतो.

आधी आपल्याकडे कुठला स्टोव्ह आहे ते बघा

दोन प्रकार सर्रास दिसतात. एक कॉइलवाला, म्हणजे वर काळ्या गोल वळ्या आणि त्यांच्याखाली चकचकीत वाट्यांसारख्या ड्रिप पॅन. दुसरा ग्लासटॉप, वरून सपाट काळी काच आणि बर्नर चालू केला की काचेखाली लाल दिसतं. (इंडक्शन वेगळा, त्यात भांडंच तापतं, तो भाड्याच्या घरात अजून कमी असतो म्हणून इथे सोडून देते.)

कॉइलवाल्यात अजून एक उपप्रकार आहे तो माहीत नसला तर डोकं फिरतं. साधारण २०१८-१९ नंतर बनलेल्या कॉइल स्टोव्हमध्ये वळ्यांच्या बरोबर मधोमध एक गोल चकती असते, तो सेन्सर आहे. भांड्याचं बूड फार तापलं की तो बर्नर तात्पुरता बंद करतो, म्हणजे तेल पेट घेईपर्यंत तापू नये. सुरक्षेसाठी उत्तम, पण पोचे पडलेलं किंवा वाकड्या बुडाचं भांडं ठेवलंत तर तो उगाचच सारखा बंद-चालू होत राहतो आणि भाजी अर्धा तास झाला तरी शिजतच नाही. स्टोव्ह बिघडला म्हणून तक्रार करण्याआधी सपाट, जड बुडाचं भांडं ठेवून बघा. आणि तो सेन्सर काढायचा किंवा दाबून बसवायचा कुठलाही जुगाड करू नका, तो तुमच्यासाठीच आहे.

दुसरी एक शंका नेहमी येते, 'आमच्याकडे पाणी उकळायलाच इतका वेळ का लागतो?' रेंज चालते २४० व्होल्टवर, भिंतीतल्या साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर नाही, तिचं मागे वेगळं मोठं सॉकेट असतं आणि घराच्या ब्रेकर पॅनलमध्ये बहुधा ४० किंवा ५० अँपिअरचा जोडब्रेकर. पण मोठ्या, अनेक मजली बिल्डिंगांमध्ये बरेचदा २४० ऐवजी २०८ व्होल्टच येतात, आणि व्होल्टेज तेवढं कमी झालं की त्याच बर्नरची ताकद साधारण पाऊणच उरते. म्हणजे २,१०० वॉटचा मोठा बर्नर सुमारे १,६०० वॉटचं काम करतो. हा बिघाड नाही, त्यावर उपाय एवढाच की झाकण ठेवा, मोठा बर्नर वापरा, आणि चहाचं नाहीतर भाताचं पाणी इलेक्ट्रिक किटलीत उकळून घ्या.

घरात शिरल्यावर, पहिला स्वयंपाक करायच्या आधी

१. अँटी-टिप ब्रॅकेट. हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात महत्त्वाचं. रेंज दिसते मोठी पण वजनाला हलकी असते, ओव्हनचं दार उघडं ठेवून त्यावर मूल चढलं किंवा कोणी जड भांडं ठेवलं तर ती अख्खी पुढे कलंडते आणि वरचं उकळतं वरण अंगावर येतं. म्हणून १९९१ पासून प्रत्येक रेंजसोबत एक लोखंडी ब्रॅकेट देणं अमेरिकेच्या मानकांत सक्तीचं आहे, तो मागे जमिनीला किंवा भिंतीला स्क्रूने बसवायचा आणि रेंजचा मागचा पाय त्यात सरकवायचा. देतात, पण बसवतातच असं नाही! स्टोव्ह पूर्ण थंड आणि वर काही ठेवलेलं नसताना खालचा ड्रॉवर काढून टॉर्चने मागचा पाय बघा, किंवा मागची कड धरून हळूच पुढे ओढून बघा, बसवलेला असेल तर जरा हलून अडकेल. नसेल तर लीजिंग ऑफिसला लेखी मेन्टेनन्स रिक्वेस्ट टाका, आणि तो बसेपर्यंत लहान मुलांना ओव्हनच्या दाराजवळ फिरकू देऊ नका.

२. ब्रेकर कुठे आहे ते बघून ठेवा, पॅनलच्या दारावर 'रेंज' किंवा 'स्टोव्ह' लिहिलेलं असतं, नसेल तर स्वतः चिकटपट्टीवर लिहा. वेळ आली की अंधारात शोधता येत नाही.

३. प्रत्येक नॉब दाबून मग फिरतो ना, चारही बर्नर तापतात ना, नॉब 'ऑफ'वर नेल्यावर खरंच बंद होतात ना, हे चारही नॉब एकेक करून तपासा. कुठला नॉब कुठल्या बर्नरचा हे पाठच करा, कारण चुकीचा बर्नर पेटवून रिकामा तापत ठेवणं हा रोजचा प्रकार आहे.

४. कॉइलवाल्यात ओव्हनची गरम हवा बहुतेक वेळा मागच्या एका बर्नरखालून बाहेर येते, त्या ड्रिप पॅनला मधे मोठं भोक असतं. ते भोक फॉइलने बंद करायचं नाही, आणि ओव्हन चालू असताना त्या बर्नरवर प्लॅस्टिकचा डबा, झारा काही ठेवायचं नाही, वितळतो. ग्लासटॉपमध्ये ही हवा मागच्या कडेने येते.

५. स्मोक अलार्म वाजतो ना ते बटण दाबून बघा. स्वयंपाकघराच्या अगदी तोंडाशी असेल तर फोडणीला रोज वाजणारच, तो स्टोव्हपासून निदान १० फूट लांब असावा अशी शिफारस आहे, त्यामुळे तो हलवून द्या असं लीजिंग ऑफिसला सांगा. पण बॅटरी काढून ठेवायची नाही, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधायची नाही. मी हे अनेक घरांत बघितलंय आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो. फोडणीच्या ५ मिनिटं आधी वरचा पंखा चालू करा, खिडकी उघडा, वाजलाच तर त्याचं हश बटण (आवाज थोडा वेळ बंद करणारं) दाबा.

भांडी कुठली

सपाट बुडाची, एवढंच खरं तर. फरशीवर ठेवून डगमगणारं भांडं इथे चालणार नाही, कारण उष्णता स्पर्शाने जाते, ज्योतीसारखी बुडाभोवती पसरत नाही. गावाकडची गोल बुडाची लोखंडी कढई कॉइलवर धड उभीच राहत नाही आणि तळणाचं तेल घेऊन ती कलंडली तर विचारूच नका. ती भारतातून बॅगेत घालून आणू नका, त्या वजनात मसाले आणा! सपाट बुडाची कढई इथल्या देशी दुकानांत मिळते. कुकर आणायचाच असेल तर स्टीलचा, जाड सपाट बुडाचा, इंडक्शनला चालणारा आणा, तो दोन्ही प्रकारच्या स्टोव्हवर छान बसतो. भांड्याचं बूड बर्नरएवढं असावं, इंचभर बाहेर आलं तर चालतं, त्यापेक्षा मोठं पातेलं ठेवलं की उष्णता खाली कोंडते आणि आसपासचा भाग खराब होतो.

ग्लासटॉपवर बिडाचा तवा चालतो का हे सगळे विचारतात. चालतो, पण बूड गुळगुळीत पाहिजे आणि उचलून ठेवायचा, सरकवायचा नाही. पोळ्या करताना तवा पुढेमागे करायची आपली सवय असते ना, तिनेच काचेवर चरे पडतात. कढईखाली ठेवायच्या रिंगा आणि फुलक्याची जाळी काचेवर अजिबात नको, त्याखाली उष्णता अडकते आणि काच खराब होते. नुसत्या अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याचे चंदेरी डाग पडतात, ते भांडं रिकामं तापून वितळलं तर काच बदलावीच लागते.

रोजचा स्वयंपाक, आपल्या पद्धतीचा

फोडणी: गॅसवर तेल तापलं की आच कमी केली की झालं, इथे नॉब कमी केला तरी बर्नर बराच वेळ तसाच तापलेला राहतो. म्हणून नॉब 'हाय'वर कधीच नेऊ नका, मिडियमवरच तेल तापू द्या, मोहरी तडतडली की भांडं उचलून बाजूच्या थंड बर्नरवर ठेवा आणि मग जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता घाला. तापलेल्या तेलात ते आरामात होतं. सगळी फोडणी करपण्याचं कारण एवढंच असतं की आपण नॉब फिरवतो आणि भांडं तिथेच ठेवतो.

हाच नियम सगळ्याला लावा: आच कमी करायची म्हणजे भांडं हलवायचं. दूध, खीर, बासुंदी करताना दोन बर्नर वापरा, एक मोठ्या आचेवर आणि दुसरा आधीच 'लो'वर तापवून ठेवलेला, उकळी आली की तिकडे. दुधाला तर मी मागे वळूनसुद्धा बघत नाही, समोरच उभी राहते, कारण वर यायला लागल्यावर नॉब बंद करून काही उपयोग नाही, उचललंच पाहिजे.

कुकर: शिट्टी येईपर्यंत मिडियम-हाय, पहिली शिट्टी होत आली की नॉब मिडियम-लोवर, मग शिट्ट्या मोजायच्या ऐवजी मिनिटं मोजा, कारण बर्नर स्वतःच बंद-चालू होत तापमान राखतो त्यामुळे शिट्ट्यांचा ताल गॅससारखा येत नाही. झालं की नॉब बंद करून कुकर बर्नरवरून उतरवा, दोन्ही कान धरून आणि न हिसकता. तिथेच ठेवला तर अजून एकदोन शिट्ट्या होतात आणि डाळीचा लगदा होतो. पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त घाला, गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह भारतात जसे तपासता तसेच इथेही तपासा. कुकरची वाफ वरच्या कॅबिनेटवर किंवा वर लावलेल्या मायक्रोवेव्हच्या बटणांवर सरळ जात असेल तर पुढचा बर्नर घ्या.

पोळ्या, फुलके, भाकरी: तवा मिडियमवर ५ ते ७ मिनिटं तापू द्या, घाई करून हायवर नेलंत की मधे काळा आणि कडेला कच्चा. काचेखालचं लाल सारखं जातं-येतं, ते तसंच असतं, त्याकडे बघून नॉब फिरवत बसू नका, पिठाची चिमूट टाकून बघा किंवा पोळीकडे बघा. फुलके कॉइलवर पायवाल्या जाळीवर मिडियम आचेला फुगतात. ग्लासटॉपवर तव्यावरच घडी केलेल्या सुती फडक्याने कडा दाबत फुगवायचे, फक्त ते फडकं नंतर स्टोव्हवर टाकून जायचं नाही. भाकरीला पाणी फिरवताना तव्यावरच फिरवा, तापलेल्या काचेवर गार पाण्याची धार नको.

वांग्याच्या भरताला ज्योत नाही म्हणून हळहळू नका. वांग्याला चारपाच ठिकाणी टोचे मारा (हे विसरू नका, नाहीतर ओव्हनमध्ये फुटतं), तेलाचा हात लावा, फॉइल लावलेल्या ट्रेमध्ये ठेवून वरून दुसऱ्या रॅकवर ब्रॉइल करा (म्हणजे ओव्हनच्या वरच्या बाजूने थेट आच द्या), मधूनमधून फिरवत राहा, वांग्याच्या आकाराप्रमाणे २० ते ३० मिनिटं. साल छान काळी होते. ब्रॉइल चालू असताना दार पूर्ण बंद ठेवायचं की थोडं उघडं हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं, दाराच्या आतल्या कडेला किंवा ड्रॉवरमागे मॉडेल नंबर असतो, तो टाकून मॅन्युअल ऑनलाइन मिळतं.

तळण, विशेषतः दिवाळीत

चकल्या, शंकरपाळे, अनारसे, तासन्‌तास तळण, घरात पाहुणे आणि मुलं. अमेरिकेत स्वयंपाकाच्या आगी सगळ्यात जास्त थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरातल्या मोठ्या जेवणाच्या सणाला) लागतात, म्हणजे कारण तेच, मोठा स्वयंपाक आणि माणूस दहा ठिकाणी. आपल्यासाठी दिवाळी तशीच धरा.

कढई एक-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. १५-२० डॉलरचा तळणाचा थर्मामीटर घ्या, चकलीला तेल १७५ ते १८५ अंश सेल्सिअस, म्हणजे ३५० ते ३६५ फॅरनहाइट, पुरतं. इथे लक्षात घ्यायचं ते असं की एक घाणा काढल्यावर पदार्थ नाहीत म्हणून तेल झपाट्याने वर चढतं आणि नॉब कमी करूनही थोडा वेळ चढतच राहतं, म्हणून घाणा काढायच्या जरा आधीच नॉब खाली आणा आणि शेवटच्या घाण्याला तर बंदच करा, उरलेल्या उष्णतेवर तो निघतो. कढईच्या मापाचं धातूचं झाकण हाताशी ठेवा, काचेचं नको. भांड्यांचे दांडे आत वळवा. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, नायलॉनचा गाऊन किंवा सैल बाह्या नकोत, लालभडक कॉइलला कापड टेकलं तरी पेटतं. आणि दाराची बेल वाजली तर जायच्या आधी बर्नर बंद. फोन आला तरी बंद.

तेलातून धूर यायला लागला की नॉब बंद, झाकण कडेने सरकवून बंद, आणि तसंच सोडा. गॅस बंद केला की आच संपते, इथे तापलेला बर्नर खालून तेल तापवतच असतो, म्हणून झाकण लागतंच. धुराचं तेल उचलून सिंककडे न्यायला जाऊ नका, भाजण्याचे सगळ्यात वाईट अपघात कढई घेऊन चालतानाच होतात.

आग लागलीच तर

तेल पेटलं तर: हात पोचत असेल तर नॉब बंद, झाकण बाजूने सरकवून ठेवा, वरून आपटू नका, आणि पूर्ण थंड होईपर्यंत उघडून बघू नका, हवा मिळाली की पुन्हा पेटतं. लहानशी आग असेल आणि झाकण नसेल तर खाण्याचा सोडा भरपूर टाका, म्हणून एक डबा स्टोव्हजवळ पण स्टोव्हच्या वर नाही असा ठेवा. पाणी नाही, कधीच नाही, जळतं तेल फवाऱ्यासारखं उडतं. कणीक, मैदा, साखरही नाही, पीठ स्वतःच भडकतं.

ओव्हनमध्ये आग असेल तर दार उघडायचं नाही, नॉब बंद आणि ब्रेकर पाडा, हवेविना ती विझते. खालच्या एलिमेंटमधून (तापणाऱ्या सळीतून) ठिणग्या उडताना दिसल्या तरी हेच.

एक-दोन क्षणांत आवरत नसेल तर सगळ्यांना बाहेर काढा, मागे दार ओढून घ्या आणि बाहेरून ९११ ला फोन करा. काही घ्यायला परत आत जाऊ नका. विझली असं वाटलं तरी फायर डिपार्टमेंटला बघू द्या, कॅबिनेटमागे धुमसत असू शकतं. फायर एक्स्टिंग्विशर स्टोव्हच्या बाजूला नाही, बाहेर पडायच्या वाटेवर ठेवा.

हात भाजला तर नळाच्या साध्या गार पाण्याखाली १० ते २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप काही लावू नका.

आईबाबा येतात तेव्हा

उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आईबाबा, सासूसासरे येतात आणि आपण ऑफिसला गेलो की स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात असतं. त्यांच्यासाठी या स्टोव्हचा खरा धोका हा की बंद बर्नर आणि गरम बर्नर दिसायला सारखेच. काचेवर हात टेकून उभं राहणं, तिथे ताट ठेवणं, पुसायला ओलं फडकं फिरवणं, सगळं सवयीने होतं. पहिल्याच दिवशी त्यांच्या हाताने दोनदा चहा करवून घ्या, नुसतं दाखवू नका. 'हॉट सरफेस'चा लाल दिवा दाखवा आणि सांगा की हा विझेपर्यंत काच गरम, मग नॉब बंद असला तरी. कॉइलवाल्यात असा दिवा बहुतेक नसतोच, तिथे फक्त कुठला तरी बर्नर चालू असल्याचा दिवा असतो, म्हणून बर्नर बंद केल्यावर त्यावर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवून द्यायची सवय लावा, म्हणजे कोणाचा हात पडणार नाही. नॉबवर मराठीत 'पुढचा डावा', 'मागचा उजवा', 'बंद' असं चिकटवलं तर कोणाला कमीपणा वाटत नाही, उलट बरं वाटतं. दर वेळी विचारावं लागत नाही, ते स्वतःच बघू शकतात. निघताना चारही नॉब 'बंद'वर आहेत हे बोटाने एकेक हात लावून बघायचं, नुसत्या नजरेने नाही.

लहान मुलं असतील तर स्टोव्हभोवती ३ फुटांत मुलं नाहीत हा घरचा नियम, पुढच्या नॉबना प्लॅस्टिकची झाकणं, आणि बटणांच्या मॉडेलमध्ये 'लॉक'चं बटण ३ सेकंद दाबून ठेवलं की पॅनल बंद होतं. मांजर असेल तर ती स्टोव्हवर उडी मारते हे धरूनच चला.

स्टोव्ह म्हणजे ओटा नाही. जागा कमी म्हणून सामानाच्या पिशव्या, पिझ्झाचा खोका, टपाल सगळं काचेवर येतं, आणि एक नॉब कंबर घासून फिरला की बास. खालच्या ड्रॉवरमध्ये पण फक्त धातूची भांडी, कागद-प्लॅस्टिक नाही. हिवाळ्यात हीटर बंद पडला म्हणून ओव्हन उघडा ठेवून घर गरम करायचं नाही.

वीज गेली तर नॉब आधी बंद करा. फिरवायचा नॉब जिथे होता तिथेच राहतो आणि रात्री दोनला वीज आली की रिकामा बर्नर तापायला लागतो.

साफसफाई

कॉइल: पूर्ण थंड झाल्यावर समोरची कड जरा उचलून बाहेरच्या दिशेने ओढली की वळी निघते, मागे दोन टोकं सॉकेटमध्ये असतात. वळी पाण्यात बुडवायची नाही, साबण लावायचा नाही, सांडलेलं वर राहिलं असेल ते पंखा लावून बर्नर तापवला की जळून जातं. ड्रिप पॅन गरम पाणी, डिश सोप आणि सोड्यात तासभर भिजवा, मऊ घासणीने घासा. ते जुने झाले की बदला, स्वस्त असतात, फक्त तुमच्या कंपनीच्या मापाचे घ्या. त्यात फॉइल घालून झाकायची पद्धत आपल्याकडे फार आहे, ती सोडा, फॉइल वळीच्या टोकांना लागून शॉर्ट होऊ शकतं. वळी परत घालताना टोकं पूर्ण आत बसली पाहिजेत आणि वळी सपाट, सैल बसली की तिथेच ठिणग्या उडून सॉकेट जळतं.

ग्लासटॉप: रोज थंड झाल्यावर ओलं मऊ फडकं आणि कोरडं फडकं, बास. चिकटून करपलेल्याला सोडा आणि पाण्याची पेस्ट किंवा ग्लासटॉपसाठीचंच क्रीम, १० मिनिटं ठेवून मऊ कागदाने गोल गोल. मग उरलेलं ब्लेडच्या स्क्रॅपरने, काचेला जवळजवळ आडवं धरून, कोपरा न लावता. तारेची घासणी, खरखरीत स्क्रबर, खिडक्या पुसायचा अमोनियावाला स्प्रे यातलं काहीच नको.

थंड झाल्यावरच पुसायचं याला एकच अपवाद आणि तो आपल्या स्वयंपाकात सारखा येतो: साखर. गुळाचा पाक, चिक्की, लाडवाचा पाक, जॅम काचेवर सांडलं की थंड व्हायची वाट बघायची नाही. थंड होताना पाक काचेला धरतो आणि आकसताना काचेचा पापुद्रा उपटतो, मग तिथे कायमचा खड्डा. संक्रांतीला तिळगुळाचा पाक सांडला तर भांडं उचला, बर्नर बंद करा, हातात ओव्हनचा जाड मोजा घाला आणि लांब दांड्याच्या स्क्रॅपरने गरम असतानाच पाक थंड भागाकडे ओढून घ्या, बाकीची पुसापुशी थंड झाल्यावर. वितळलेल्या प्लॅस्टिकलाही हेच. स्टोव्हच्या वरच्या कॅबिनेटमध्ये जड बरण्या ठेवू नका, लोणच्याची बरणी वरून पडली की काच गेलीच समजा, आणि ती डिपॉझिटमधून कापली जाते.

हळदीचे डाग पांढऱ्या पत्र्यावर त्याच दिवशी पुसा. नॉब सरळ ओढले की निघतात, साबणाने धुऊन पूर्ण वाळवून बसवा. पॅनलवर स्प्रे सरळ मारायचा नाही, फडक्यावर मारून पुसायचं. वरच्या पंख्याची जाळी महिन्यातून एकदा गरम पाणी आणि डिश सोपमध्ये धुवा, आपल्या तळणाने ती लवकर तुंबते आणि ते साठलेलं तेल हे पेटायला उत्तम सरपण आहे.

ओव्हन: तळाला फॉइल पसरायचं नाही, ते इनॅमलला चिकटून बसतं, सांडेल असं वाटलं तर खालच्या रॅकवर ट्रे ठेवा. 'सेल्फ-क्लीन' बटणाचा मोह होतो, तर ते असं की ओव्हन सुमारे ४३० ते ४८० अंश सेल्सिअसला दोनचार तास तापतो आणि घाण राख करतो, तेवढा वेळ दार लॉक राहतं. आधी रॅक आणि आत ठेवलेली सगळी भांडी काढा (आपण ओव्हन कपाटासारखा वापरतो, नॉनस्टिक तवा आत राहून गेलेला असतो!), तेलाचे थर पुसून घ्या नाहीतर आतच पेटतात, खिडक्या उघडा, दमा असलेल्यांना आणि पाळीव पक्ष्यांना दुसरीकडे ठेवा, तो धूर पक्ष्यांना मारू शकतो. घर सोडून जायचं नाही. त्या प्रचंड उष्णतेने फ्यूज किंवा दाराचं लॉक जाण्याचे प्रकार होतात, म्हणून पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तर नकोच. खरं सांगायचं तर मी सोड्याची पेस्ट रात्रभर लावून सकाळी पुसते, वेळ लागतो पण जिवाला घोर नाही. दाराभोवतीची दोरीसारखी गॅस्केट घासू नका, ती खराब झाली की उष्णता बाहेर येते.

बिघाड: काय स्वतः करायचं, काय नाही

एक कॉइल तापत नसेल तर थंड करून, ब्रेकर पाडून, ती काढा आणि त्याच मापाची दुसरी वळी त्या सॉकेटमध्ये लावून बघा. दुसरी तापली म्हणजे आधीची गेलीय, नवी घेतली की झालं. दुसरीही तापली नाही तर सॉकेट, नॉबमागचा स्विच किंवा वायर, ते काम मेन्टेनन्सवाल्यांचं. चारही बर्नर एकदम गेले किंवा सगळेच कोमट तापतात तर जोडब्रेकरची एक बाजू पडलेली असू शकते, पूर्ण ऑफ करून मग ऑन करा, परत पडला तर पुन्हापुन्हा चढवू नका. नॉब किंवा ड्रिप पॅन बदलणं आपलं, वायरिंग, मागचं सॉकेट, प्लग यातलं काहीही नाही, २४० व्होल्टचा झटका जीव घेतो, आणि भाड्याच्या घरात ती दुरुस्ती घरमालकाची जबाबदारी असते. रिक्वेस्ट ऑनलाइन किंवा ईमेलने टाका, फोटो जोडा, तारीख राहते.

यातलं काही दिसलं तर त्याच क्षणी ब्रेकर पाडा आणि दुरुस्त होईपर्यंत तो स्टोव्ह वापरू नका: काचेला तडा, केसाएवढा असला तरी, कारण त्यातून सांडलेलं पाणी खालच्या विजेपर्यंत पोचतं, नॉब 'ऑफ'वर असून बर्नर गरम, स्टोव्हला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, वळीला फोड किंवा भोक, जळक्या प्लॅस्टिकचा वास. मेन्टेनन्सवाले येईपर्यंत दुकानातून ५०-६० डॉलरचा सुटा इंडक्शन आणा, तो साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर चालतो, एक्स्टेंशन कॉर्ड न लावता सरळ भिंतीत लावा, आणि तो बंद स्टोव्हच्या काचेवर न ठेवता ओट्यावर ठेवून स्वयंपाक करा.